प्रागैतिहासिक मोठी मांजरं : उत्क्रांती, आकार आणि वजन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘मोठी मांजरं’ म्हणजे नक्की कोण? त्यात सेबरटूथ धरायचे का?

आजच्या प्राण्यांपुरतं बोलायचं तर पँथेरा गटातले पाच जण: वाघ, सिंह, बिबट्या, जग्वार आणि हिमबिबट्या. नामशेष प्राण्यांबद्दल बोलताना मात्र मार्जारकुळातला साधारण बिबट्याएवढा किंवा त्याहून मोठा कुठलाही प्राणी यात धरतात. त्यामुळे लांब सुळ्यांचे सेबरटूथ आले, गुहासिंह आला आणि महाकाय चित्ताही आला. मांजरासारखे दिसणारे पण मांजर नसलेले प्राणी वेगळे, त्यांच्यासाठी प्रश्न ११ पाहा.

२. मार्जारकुळाची सुरुवात कधी झाली?

सर्वांत जुन्या सदस्यांत प्रोआयल्युरसचं नाव घेतात. त्याचे जीवाश्म फ्रान्समध्ये मिळाले असून काळ सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीचा आहे. वजन जेमतेम ९ किलो, म्हणजे आपल्याकडच्या रानमांजरापेक्षा थोडं जास्त. त्यानंतर सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीपासून स्यूडेल्युरस गटातली मांजरं दिसतात. आजची मांजरं आणि सेबरटूथ या दोन्ही शाखा याच सुमाराच्या प्राण्यांतून फुटल्या.

३. सेबरटूथ हा आजच्या वाघाचा पूर्वज होता ना?

नाही. आमच्याकडे सर्वाधिक येणारा गैरसमज हाच. ‘सेबरटूथ टायगर’ हे नाव रूढ झालं आणि घोटाळा कायमचा राहिला. स्मायलोडॉन आणि होमोथेरियम या दोन सेबरटूथांच्या हाडांतून मिळालेल्या प्राचीन डीएनएवरून दिसतं, की त्यांची शाखा आजच्या सगळ्या मांजरांपासून सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. म्हणजे वाघाचं तुमच्या घरातल्या मनीशी असलेलं नातं स्मायलोडॉनशी असलेल्या नात्यापेक्षा जवळचं आहे. खुद्द स्मायलोडॉन आणि होमोथेरियम हेसुद्धा एकमेकांपासून सुमारे १.८ कोटी वर्षं दूर आहेत. दोघांना ‘सेबरटूथ’ या एकाच नावाखाली टाकतो, तेव्हा हे अंतर नजरेआड होतं.

सेबरटूथ शाखेचा आज एकही वंशज नाही.

४. मग वाघ, सिंह, बिबट्या कुठून आले?

डीएनएच्या हिशेबाने पँथेरा शाखा इतर जिवंत मांजरांपासून सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. जिवंत शाखांपैकी सर्वांत आधी फुटलेली ती हीच. हाडांचा पुरावा मात्र बराच उशिराचा आहे. तिबेटच्या झांडा खोऱ्यात २०१० साली मिळालेली आणि २०१३ मध्ये पँथेरा ब्लायथी या नावाने जाहीर झालेली कवटी ४१ ते ५९.५ लाख वर्षांपूर्वीच्या दरम्यानची आहे. हा प्राणी हिमबिबट्याच्या जवळचा मानतात. या शोधामुळे मोठ्या मांजरांचा उगम आशियात झाला, या मताला बळ मिळालं. चीनच्या गान्सू प्रांतातली पँथेरा झ्दान्स्की ही वाघाच्या वळणाची सर्वांत जुनी कवटी. तिचा काळ सुमारे २१ ते २५ लाख वर्षांपूर्वीचा.

दिसण्यावरून पटणार नाही, पण वाघाचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक सिंह नसून हिमबिबट्या आहे.

५. स्मायलोडॉन नेमका केवढा होता?

आधी कुठला स्मायलोडॉन ते सांगावं लागतं, कारण प्रजाती तीन आहेत. सर्वांत जुना ग्रॅसिलिस, वजन ५५ ते १०० किलो, म्हणजे मोठ्या बिबट्यापासून जग्वारपर्यंत. उत्तर अमेरिकेत गाजलेला फॅटॅलिस १६० ते २८० किलोंचा. दक्षिण अमेरिकेतला पॉप्युलेटर सर्वांत दांडगा: २२० ते ४०० किलो, खांद्यापाशी उंची सुमारे १२० सेंमी. पॉप्युलेटरचं वर्णन पीटर विल्हेल्म लुंड या डॅनिश संशोधकाने १८४२ मध्ये ब्राझीलच्या लागोआ सांता इथल्या गुहांतल्या हाडांवरून केलं. २०२० मध्ये उरुग्वेतल्या ३९ सेंमीच्या एका कवटीवरून ४३६ किलोंचा अंदाज जाहीर झाला. हा आकडा डोळे मिटून घेऊ नये; का, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

उंचीने फॅटॅलिस आजच्या सिंहापेक्षा वरचढ नव्हता. फरक होता तो बांध्यात. पुढचे पाय लांब आणि अत्यंत जाड, छाती भरदार, मागचा भाग उतरता, शेपूट आखूड. दंडाच्या हाडाची भिंत आजच्या मांजरांपेक्षा जाड असल्याचं एक्स-रेमध्ये दिसतं. म्हणून चित्रकारांनी सिंहाच्या अंगावर नुसते लांब सुळे चिकटवले, की ते चित्र चुकतं.

६. एवढ्या लांब सुळ्यांनी तो मारायचा कसा? सुळे मोडत नसत?

मोडत असत. ला ब्रीयाच्या (प्रश्न ९) संग्रहात जिवंतपणी तुटलेले आणि नंतर झिजून गुळगुळीत झालेले सुळे आहेत.

पॉप्युलेटरचा वरचा सुळा मुळासकट २८ सेंमीपर्यंत जातो. त्यातला बराच भाग जबड्याच्या हाडात रुतलेला असतो, हे चित्रांत कळत नाही. आडवा छेद घेतला तर वाघाचा सुळा जवळजवळ गोल, स्मायलोडॉनचा चपटा. गोल सुळा कुठल्याही दिशेने ताण सोसतो. चपटा सुळा पुढून-मागून भक्कम असतो, पण बाजूने झटका बसला किंवा हाडावर आदळला की तडकतो. त्यामुळे धडपडणाऱ्या सावजाच्या मानेला लटकून राहणं त्याला परवडणारं नव्हतं. आधी पुढच्या पायांनी सावज खाली पाडून दाबून धरायचं, मग गळ्याचा मऊ भाग गाठायचा. जबडा सुमारे १२० अंशांपर्यंत उघडायचा; सिंहाचा ६५ अंशांच्या आसपास उघडतो. चाव्याचा जोर मात्र २००७ च्या संगणकीय अभ्यासात सिंहाच्या जवळपास एक तृतीयांश निघाला. उरलेलं काम मानेचे स्नायू करत: डोकं खाली ओढून सुळे आत घालायचे आणि नरडं फाडायचं. श्वासनलिका दाबून गुदमरवायला सिंहाला काही मिनिटं लागतात. इथे रक्तस्रावाने काम लवकर आटोपत असावं.

सुळे वाढायलाही वेळ लागे. कायमचा सुळा महिन्याला साधारण ६ मिमी वाढायचा आणि पूर्ण लांबीला यायला जनावराचं वय तीन वर्षांच्या आसपास व्हायचं. तोवर पिल्लाला आईच्या किंवा कळपाच्या शिकारीवर अवलंबून राहावं लागत असणार. स्मायलोडॉन कळपात राहत असे, या मताच्या बाजूचा हा एक मुद्दा. दुसरा मुद्दा म्हणजे कंबरेच्या सांध्यात जन्मजात दोष असूनही प्रौढ वयापर्यंत जगलेल्या फॅटॅलिसची हाडं. दोन्ही पुरावे अप्रत्यक्ष आहेत, त्यामुळे या प्रश्नावर एकमत नाही.

७. हाड किंवा कवटीवरून वजन काढतात कसं? आणि आकडे इतके वेगळे का येतात?

तत्त्व साधं आहे. शरीराची ठेवण तशीच ठेवून लांबी वाढली, तर वजन घनाच्या प्रमाणात वाढतं. लांबी १० टक्क्यांनी वाढली तर वजन ३३ टक्के वाढेल, २० टक्क्यांनी वाढली तर ७३ टक्के. म्हणून मोजमापातली लहानशी चूक वजनात चांगलीच फुगते.

प्रत्यक्षात पायऱ्या अशा. ज्यांचं वजन ठाऊक आहे अशा आजच्या मांजरांची हाडं मोजायची. त्यावरून हाडाचं माप आणि वजन यांचं सूत्र बसवायचं. मग त्यात जीवाश्माचं माप घालायचं. गडबड तीन ठिकाणी होते. पहिली, हाडाची निवड. शरीराचा भार पायांवर असतो, त्यामुळे मांडीच्या आणि दंडाच्या हाडाची जाडी सर्वांत भरवशाची, तर कवटी आणि दात त्यामानाने कच्चे. दुसरी, तुलनेचा प्राणी. स्मायलोडॉनचा बांधा सिंहाचा नाही, मग सिंहाचं सूत्र त्याला किती लागू? तिसरी, मर्यादेबाहेर जाणं. आजची मांजरं ३०० किलोंच्या अलीकडेच संपतात. त्यापलीकडचा अंदाज म्हणजे सूत्राची रेषा नुसती पुढे ओढणं.

दोन उदाहरणं करून पाहा. चीनच्या गान्सूतल्या मॅकायरोडस हॉरिबिलिस या सेबरटूथची कवटी ४१.५ सेंमी. समजा, ३६ सेंमी कवटीचा सिंह १९० किलोंचा आहे. दोन कवट्यांच्या गुणोत्तराचा सरळ घन करून १९० ला गुणलं तर उत्तर येतं सुमारे २९० किलो. त्याच कवटीवरून प्रसिद्ध झालेला अंदाज आहे ४०५ किलो. गंमत म्हणजे उरुग्वेच्या स्मायलोडॉनची कवटी हिच्यापेक्षा लहान, तरी त्याचं वजन जास्त सांगितलेलं आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. २०२१ मध्ये मॅकायरोडस लाहायिशुपुप ही प्रजाती दंडाच्या हाडांवरून ठरवली गेली. त्यातलं सर्वांत मोठं हाड सुमारे ४६ सेंमी, आजच्या नर सिंहाचं सुमारे ३३. इथे सरळ घन केला तर ५०० किलोंच्या वर जातो. संशोधकांनी मात्र सरासरी २७४ आणि कमाल ४१० किलो एवढंच म्हटलं आहे. म्हणजे एकीकडे सरळ घन कमी पडतो, दुसरीकडे तो जास्त होतो.

तेव्हा कुठेही ‘इतके किलो’ वाचलं, की आधी विचारा: कुठलं हाड, एकच नमुना की सरासरी, आणि कोणाशी तुलना करून? ही तीन उत्तरं नसतील तर आकडा बाजूला ठेवलेला बरा.

८. तरीही एकच नाव सांगा: आजवरचं सर्वांत मोठं मांजर कोणतं?

एकच नाव देणं आम्हाला पटत नाही. दावेदार मात्र मोजकेच आहेत.

अँफिमॅकायरोडस कबीर: मध्य आफ्रिकेतल्या चाडमधला, सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीचा. अंदाज ३५० ते ४९० किलो. कागदावर हाच पहिला येतो, पण पुरावा थोड्या हाडांचा आहे.

स्मायलोडॉन पॉप्युलेटर: हाडं भरपूर, बांधा पक्का ठाऊक, आणि ४०० किलोंच्या आसपासची मोठी जनावरं पटण्याजोगी. पैज लावायचीच असेल तर आम्ही यावर लावू.

अमेरिकन सिंह, पँथेरा ॲट्रॉक्स: जोसेफ लिडी यांनी १८५३ मध्ये नाव दिलं. जुन्या लिखाणात ४२० किलो सापडतात. २००९ च्या अभ्यासात नरांची सरासरी २५६ आणि सर्वांत मोठ्याचं वजन ३५१ किलो आलं. तरीही आजच्या सिंहापेक्षा हा बराच मोठा.

जावाचा न्गांडोंग वाघ: काही अंदाज ४७० किलोंपर्यंत जातात. हाडं तुटपुंजी, त्यामुळे टेकू कमजोर.

एक गोष्ट मात्र ठाम सांगता येते. ४०० किलोंच्या आसपासचा आकार मांजरांनी वेगवेगळ्या शाखांत, वेगवेगळ्या खंडांवर स्वतंत्रपणे गाठला. त्याच्या फार पुढे कोणी गेल्याचा भक्कम पुरावा नाही. ‘६०० किलोंचा सेबरटूथ’ असे व्हिडिओ पाठवून आम्हाला विचारू नका.

९. लॉस एंजेलिसच्या ला ब्रीयात इतके स्मायलोडॉन कसे काय मिळाले?

तिथे जमिनीतून नैसर्गिक डांबर वर झिरपतं. ऊन तापलं की ते मऊ आणि चिकट होतं, वर पानं-धूळ साचली की दिसतही नाही. काही सेंमी थरातही मोठं जनावर अडकतं. अडकलेल्या बायसनचा किंवा घोड्याचा आवाज ऐकून शिकारी येतात आणि तेही अडकतात. म्हणून तिथल्या सस्तन प्राण्यांत सुमारे ९० टक्के मांसाहारी आहेत. निसर्गात हे प्रमाण नेमकं उलट असतं. भयलांडगे (नामशेष झालेले मोठे लांडगे) सर्वांत जास्त, त्याखालोखाल स्मायलोडॉन फॅटॅलिस, दोन हजारांहून अधिक. दहा वर्षांतून एकदा जरी असा प्रसंग घडला असला, तरी हजारो वर्षांत एवढी हाडं सहज साठतात. डांबराने हाडं उत्तम टिकली. डीएनए मिळवणं मात्र त्याच डांबरामुळे अवघड झालं.

१०. गुहासिंहाला आयाळ होती का? आणि तो खरंच गुहेत राहायचा?

गुहेत राहणारा असा नव्हता. गोल्डफुस या जर्मन संशोधकाने १८१० मध्ये जर्मनीतल्या गुहेतल्या कवटीवरून त्याला नाव दिलं, म्हणून गुहासिंह. तो युरोपपासून सायबेरिया ओलांडून अलास्कापर्यंतच्या थंड गवताळ प्रदेशात फिरे. हाडांतल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) रेनडिअर आणि गुहाअस्वलाची पिल्लं त्याच्या खाण्यात असल्याचं कळतं. गुहेत तो अस्वलांमागे जात असावा.

आयाळीसाठी सर्वांत चांगला पुरावा चित्रांचा. फ्रान्समधल्या शोव्हे गुहेत (शोध १९९४) सिंहांचा मोठा कळप रेखाटला आहे. त्यात नर ओळखू येतात, आयाळ नाही. ज्यांनी ही चित्रं काढली त्यांनी जनावर जवळून पाहिलं होतं, मिशांच्या मुळांचे ठिपकेसुद्धा सुटलेले नाहीत.

सायबेरियातल्या याकुतियाच्या गोठलेल्या जमिनीतून अख्खी पिल्लंही मिळाली आहेत. २०१७ चा बोरिस आणि २०१८ ची स्पार्टा हे दोघे एकमेकांपासून फक्त १५ मीटरवर सापडले. भावंडं वाटली होती. काळ मोजला तेव्हा स्पार्टा सुमारे २८,००० आणि बोरिस सुमारे ४३,००० वर्षांपूर्वीचा निघाला. शेजारी सापडलं म्हणजे एका काळचं, असं धरू नये.

११. थायलाकोस्मायलस, बार्बुरोफेलिस, सिंबाकुब्वा हे कोण? यादीत का नाहीत?

कारण ते मांजरं नाहीत. थायलाकोस्मायलस दक्षिण अमेरिकेतला, पिशवीवाल्या प्राण्यांच्या नात्यातला; सुळे लांब, पण कुळ पूर्ण वेगळं. बार्बुरोफेलिस मांजरांच्या दूरच्या, वेगळ्या शाखेतला. केनियाचा सिंबाकुब्वा (२०१९) हायनोडॉन्ट या नामशेष मांसाहारी गटातला. त्याचा जबडा नैरोबीच्या संग्रहालयातल्या कपाटात अनेक वर्षं पडून होता. त्याचं वजन वेगवेगळ्या सूत्रांनी २८० पासून १५०० किलोंपर्यंत येतं, कारण पुन्हा प्रश्न ७. नावात स्वाहिली भाषेतला ‘सिंह’ असल्याने बातम्यांनी त्याला महासिंह करून टाकलं.

१२. होमोथेरियम आणि स्मायलोडॉन यांत फरक काय?

होमोथेरियमचे सुळे आखूड, रुंद आणि कडेला करवतीसारखे दातेरी. पाय लांब, पाठ उतरती, वजन साधारण १९० किलोंपर्यंत. हा दबा धरून झडप घालणाऱ्यांपेक्षा लांबपर्यंत पळणाऱ्यांतला. टेक्सासच्या फ्रीझनहान गुहेत त्याच्या हाडांबरोबर कोवळ्या मॅमथांचे दुधाचे दात ढिगाने मिळाले, त्यावरून त्याच्या आवडीचं सावज कळतं. २०२४ मध्ये याकुतियातल्या तीन आठवड्यांच्या पिल्लाचं वर्णन आलं. केस गडद तपकिरी, मान जाड, तोंडाची फट मोठी, पंजे गोल. सेबरटूथची कातडी माणसाने पहिल्यांदा पाहिली ती या पिल्लामुळे.

१३. अमेरिकेत चित्ता होता असं वाचलं. खरं का?

दिसायला चित्ता, नात्याने प्यूमा (अमेरिकेतलं मोठं रानमांजर). मिरासिनोनिक्स असं त्याचं नाव. वेगाने धावण्याचा बांधा त्याने स्वतंत्रपणे मिळवला. खरा महाकाय चित्ता म्हणजे ॲसिनोनिक्स पार्डिनेन्सिस. तो युरोपातला, आजच्या चित्त्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा.

१४. हे सगळे नष्ट झाले, मग वाघ-सिंह कसे वाचले?

मोठं सावज संपलं, हे मुख्य कारण. हवामान बदललं, गवताळ प्रदेशांची मांडणी बदलली आणि माणूस पोहोचला. कुणाचा वाटा किती यावर वाद आहे, आणि तो खंडागणिक वेगळा असणार. ला ब्रीयात २०२३ च्या अभ्यासानुसार मोठे प्राणी सुमारे १२,९०० वर्षांपूर्वीपर्यंत संपलेले दिसतात. त्याच सुमारास कोरडं हवामान आणि प्रचंड वणवे होते, त्यात माणसाने लावलेल्या आगींचा हात असावा. गुहासिंह सुमारे १४,००० वर्षांपूर्वी गेला.

वाचले ते काहीही खाणारे. प्यूमा हरणापासून सशापर्यंत सगळ्यावर भागवतो. वाघ-बिबट्याचंही तसंच, शिवाय दक्षिण आशियात सांबर, चितळ, रानडुक्कर टिकून राहिले. स्मायलोडॉनच्या सुळ्यांना सशाचा काय उपयोग?

१५. भारतात यांचे जीवाश्म मिळतात का? महाराष्ट्रात?

शिवालिकच्या टेकड्यांत मिळतात. फॉकनर आणि कॉटली या ब्रिटिश संशोधकांनी १८३६ मध्येच तिथल्या एका मोठ्या मांजराचं वर्णन केलं. मेगॅन्टेरिऑन हा सेबरटूथही शिवालिकमध्ये होता आणि त्याच्या तिथल्या प्रजातीला फॉकनर यांचं नाव आहे. हिमाचलमधल्या साकेती जीवाश्म उद्यानात सेबरटूथची पूर्णाकृती उभी आहे.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टने झाकलेला आहे. हा खडक मांजरांच्या कितीतरी आधीचा, शिवाय लाव्हाचा, म्हणून सह्याद्रीच्या कातळात सेबरटूथ शोधू नये. शोधायचं तर गोदावरी, मांजरा अशा नद्यांच्या जुन्या गाळात. तिथे हत्ती, पाणघोडा, रानबैल यांची हाडं मिळालेली आहेत. शिकारी प्राणी मुळातच कमी, त्यामुळे त्यांची हाडंही विरळा.

१६. नदीकाठी मोठा दात सापडला. मांजराचा आहे हे कसं ओळखायचं आणि पुढे काय करायचं?

सुळा असेल तर एनॅमलवर (दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर) उभी बारीक खाच आहे का पाहा. मांजरांच्या सुळ्यावर ती असते. कुत्रा, तरस, अस्वल यांच्या सुळ्यावर नसते. खालची मांस कापणारी दाढ असेल तर आणखी सोपं. मांजराच्या दाढेला दोन पातीच असतात. कुत्र्याच्या दाढेला मागे चघळण्याची सपाट टाच असते, तरसाला लहानशी. लांबी मोजा: बिबट्याची साधारण १७ ते २० मिमी, वाघ-सिंहाची २४ ते ३० मिमी. वाघ की सिंह हे एका दाढेवरून सांगणं तज्ज्ञांनाही अवघड जातं.

दात थरात रुतलेला असेल तर उपटू नका. त्याचं वय त्या थरावरून ठरतं. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो काढा, एक जवळून आणि एक पूर्ण दरडीचा. मोबाईलवरून अक्षांश-रेखांश नोंदवा. सुटा पडला असेल तर मऊ कागदात गुंडाळून सावलीत ठेवा. उन्हात एकदम वाळवला की तडे जातात. फेव्हिकॉल, वॉर्निश, लिंबू, ॲसिड काहीही लावू नका, पुढच्या चाचण्या बाद होतात. मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजशी किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाशी संपर्क साधा.

१७. ऑनलाइन ‘सेबरटूथचा अस्सल सुळा’ विकायला आहे. घ्यावा का?

बहुतेक वेळा ती रेझिनची प्रत असते. भिंगातून पाहिलं की हवेचे बुडबुडे आणि साच्याचा जोड दिसतो. त्याहून वाईट शक्यता म्हणजे तो अलीकडच्या वाघ-बिबट्याचा दात असणं. तो बाळगणंसुद्धा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि ‘जीवाश्म म्हणून घेतला होता’ हे सांगून सुटका होईल असं समजू नका. घरात ठेवायलाच हवा असेल, तर संग्रहालयांच्या दुकानांत मिळणारी प्रत प्रत म्हणूनच घ्या.